मोटारीचा आवाज

भीमेच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. आमचं घर अलीकडच्या काठाला. गोठ्यात चार गाया, आणि गोठ्याच्या कडेला पत्र्याच्या आडोशाला कडबाकुट्टी. तिची मोटार दोन हॉर्सपॉवरची, सिंगल फेजची. मशीनवर मी बसवलेली, पण चालवायची आमच्या मंडळींनी. सकाळी एकदा, दिवस कलताना एकदा.

गेल्या वैशाखात एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, मशीनचा आवाज फिरलाय बरं का." मी म्हणलं, जुनी झाली, आवाज करणारच. चार दिवसांनी तिनं मूठभर कुट्टी हातावर धरून दाखवली. "हे बघा, कापल्यागत नाही, चघळल्यागत पडतीया." मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. पट्टा सटकत होता, तो पान्यानं आणखी ताणला. उन्हाळ्यात तिसऱ्यांदा.

आठवड्यानं मोटारीनं नुसतं घूं केलं आणि जागची हलेना. मी पळत जाऊन मेन बंद केला. अशी घूं करत राहिलेली मोटार दोन-चार मिनिटांत वाइंडिंग जाळून बसते.

पट्टा काढून बघितलं, तर मोटार झटक्यात फिरली. पट्टा घातला की पुन्हा घूं. माझं दहावीपर्यंतचं गणित सांगत होतं, रिकामी फिरते, लोडवर फिरत नाही, म्हणजे जोर कमी पडतोय. वीज तरी कुठं धड? संध्याकाळी २३० व्होल्टच्या जागी १७० मिळायची. व्होल्टेज पाऊणपट झालं, की मोटारीचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. मग कपॅसिटर गेला असणार, असं ठरवून नवा आणून बसवला. काढताना जुन्याची दोन्ही टोकं बल्बच्या वायरींनी जोडून आधी रिकामा केला. वीज बंद असली तरी कपॅसिटर झटका देतो.

मोटार दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी पुन्हा घूं.

जवळच्या एका मेकॅनिकनं वास घेतला आणि सांगितलं, "वाइंडिंग गेली. भरून घ्या." रांजणगावच्या कंपनीत असलेलं पोरगं फोनवर म्हणालं, "आण्णा, नवीच घ्या." दोन्हीला पैसे लागत होते, आणि दुधाचा हप्ता यायला आठ दिवस होते.

तोवर मंडळी कोयत्यानं लाकडावर कडबा तोडत होती. तिचा उजवा खांदा आधीच धरलेला. एक दिवस मी तोडला, तर रात्री भाकरीचा तुकडा मोडताना बोटं वळेनात. कोयत्यानं तोडलेला कडबा लांब राहायचा, गाया पाला खाऊन धाटं तुडवायच्या. दूध दोन लिटरनं उतरलं. ती काही बोलली नाही, पण सकाळी डोक्यावर पाटी घेताना डावाच हात वर गेला, तो मी बघितला.

मोटार पोत्यात घातली, गाडीला बांधली आणि न्हावऱ्यावरून, पारगावच्या पुलावरून, चौफुला-पाटस करत दौंड गाठलं. तिथं मोटारी भरणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्यानं मेगर लावला. वाइंडिंग ठणठणीत. मग शाफ्टचं टोक चिमटीत धरून वर-खाली केलं. खुळखुळ वाजलं.

"बाबा, ही भरायची नाही. हिचं बेअरिंग गेलंय."

खोलून दाखवलं. स्टेटरच्या आत एका बाजूला रुपयाएवढी जागा घासून चकाकत होती. पट्टा नसताना रोटर मधोमध राहायचा, म्हणून मोकळा फिरायचा. पट्टा ताणला की तो एका अंगाला ओढला जाऊन स्टेटरला टेकायचा. वासही त्या घासण्याचाच. नव्या कपॅसिटरनं जरा जास्त धक्का दिला, म्हणून दोन दिवस निघाले.

"पट्टा कितीदा ताणला?" त्यानं विचारलं.

"तीनदा."

"का?"

मी गप्प. पट्टा सटकत होता, कारण पाती बोथट होती. बोथट पाती धाट कापत नाही, चेंगरते, आणि सगळा भार पट्ट्यावर येतो. म्हणजे चघळल्यागत कुट्टी पडत होती, तिथंच सगळं कळायला पाहिजे होतं. कळलं होतंच, पण मला नाही.

त्यानं ६२०५ नंबरची दोन बेअरिंगं तेलात तापवली आणि आतल्या कड्यावर नळी टेकवून अलगद बसवली. बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला, तर नवं बेअरिंग तिथंच खराब होतं. सगळं मिळून हजाराच्या आत भागलं.

घरी आल्यावर आधी पाती काढून दोन्हीला धार लावली आणि पाती-पट्टीतली फट जुळवली. पट्टा अंगठ्यानं दाबला तर बोटभर दबेल एवढाच ठेवला. मशीन सुरू केली. मंडळींनी पेंढी घातली, खाली पडलेली कुट्टी हातावर घेतली आणि म्हणाली, "आता कापतीया."

त्या रात्री मी म्हणलं, "तू सांगत होतीस तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "मशीन बी सांगतच होती की."

आता दर पंधरा दिवसांनी पात्यांना धार लावतो. आणि ती "आवाज फिरलाय" म्हणाली, की मी आधी मेन बंद करतो, मग कारण विचारतो.