डोळ्यांत टिपूस नाही, म्हणून?

मैत्रिणींनो, परवा भिशीत गावातल्या एका खटल्याचा विषय निघाला. अत्याचार झालेली ती मुलगी साक्ष देताना म्हणे अगदी शांत होती. लगेच एकीने शेरा मारला, "एवढं झालं आणि डोळ्यांत टिपूस नाही? मला नाही बाई खरं वाटत!" चौघींनी माना डोलावल्या. मला मात्र राहवेना. माझी भाची कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिच्याकडून ऐकलेलं मी तिथेच सांगितलं.

अमेरिकेत बोस्टन शहरात ॲन बर्जेस या परिचर्येच्या प्राध्यापिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ, अशा दोघींनी १९७२-७३ मध्ये एक अभ्यास केला. बलात्कार झालेली बाई इस्पितळात आली की निरोप यायचा, आणि या दोघी रात्री-अपरात्रीसुद्धा धावत जायच्या, तिच्याशी बोलायच्या. १९७४ साली त्यांनी जे पाहिलं ते प्रसिद्ध केलं. काहीजणी रडत होत्या, थरथरत होत्या. पण जवळजवळ तितक्याच जणी वरून शांत, सावरलेल्या दिसत होत्या. धक्का दोघींनाही सारखाच! झोप उडणं, दचकणं, एकटं राहायची भीती नंतर दोघींच्याही वाट्याला.

न कळण्याची किंमत आपल्याकडेही मोजावी लागली. १९७२ मध्ये विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केलाच नाही, असं धरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघांना सोडलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ साली तर त्यात स्पष्टच आलं, की अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही.

तेव्हा उद्या कुणी लेक, सून, शेजारीण आपल्या दाराशी आली, तर "ओरडली का नाहीस?" हे विचारू नका. आधी पाणी द्या, जवळ बसा, ती सांगेल तेवढंच ऐका. तिचे कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, तो पुरावा असतो. सरकारी असो वा खाजगी, इस्पितळाने तिच्यावर मोफत उपचार करायलाच हवेत.

भिशीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग शेरा मारणारीच हळूच म्हणाली, "त्या मुलीच्या आईला एकदा भेटून येऊ या का गं?"