मुंग्या

आमच्या लहानपणी वडगावात टीव्हीला मुंग्या यायच्या. मावळातला पाऊस आणि त्याच्या जोडीचा वारा. अँटेना जरा फिरला की पडद्यावर नुसता काळा-पांढरा खच. मग वडील कौलांवर, मी दारात आणि आई टीव्हीपुढे. "आलं का?" "नाही." "आता?" "आलं, आलं... गेलं!" अँटेनाचं तोंड सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे हवं, एवढंच त्यातलं शास्त्र आम्हाला ठाऊक होतं.

आता माझी पन्नाशी जवळ आली आणि मुंग्या परत आल्या. फक्त आता त्या डोळ्यांवर चढवलेल्या गॉगलमध्ये येतात, आणि समोर शेकोटीशी बसलेला भाचा ओरडतो, "मामा, आलं का?"

ड्रोन मी घरीच बांधतो. परदेशातून तयार ड्रोन मागवायला सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली, सुटे भाग मात्र येऊ दिले. त्याआधीही आम्ही हौशी मंडळी भागच मागवत होतो, त्यामुळे आम्हाला फरक पडला नाही. उलट इतरांपुढे जरा मिरवता आलं. नाकावर कॅमेरा, पोटात फ्लाइट कंट्रोलर आणि शेपटीकडे पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पट्टी. ती म्हणजे व्हिडिओ ट्रान्समीटर, आमच्या बोलीत व्हीटीएक्स. कॅमेऱ्याचं चित्र ती ५.८ गिगाहर्ट्झवर हवेत सोडते आणि आपण जमिनीवर बसून वरचं बघतो. माझा संच अ‍ॅनालॉग आहे. डिजिटलचं चित्र देखणं असतं, नाही असं नाही, पण ते जातं तेव्हा बहुधा न सांगता जातं. अ‍ॅनालॉगमध्ये आधी चार मुंग्या येतात, मग चाळीस. तोवर माणूस वळून घरी येतो. मला हा जुना शिष्टाचार आवडतो.

या पट्टीने माझं जितकं रक्त आटवलं तितकं मोटारींनीही आटवलेलं नाही.

पहिली जळाली ती माझ्याच हाताने. अँटेना लावायचा राहिला आणि बॅटरी जोडून मी कॅमेऱ्याचा कोन बसवत राहिलो. अँटेना नसेल तर बाहेर जायची ऊर्जा माघारी फिरते आणि शेवटच्या टप्प्यातल्या चिपला भाजून काढते. धूर नाही, वास नाही. पट्टी त्यानंतरही चालू दिसत होती, लाल दिवा लागत होता, चित्रसुद्धा येत होतं. दहा पावलांवर गेलो की संपलं.

दुसऱ्या वेळी अँटेना होता, आटेही घट्ट बसले होते, तरी तीच तऱ्हा. दोन दिवस चॅनेल बदलत बसलो. शेवटी भिंग घेऊन कनेक्टरच्या आत पाहिलं. अशा जोडात एका बाजूला मधोमध सुई हवी आणि दुसऱ्या बाजूला भोक. माझ्या दोन्ही बाजूंना भोक होतं. एक भाग एसएमए जातीचा, दुसरा आरपी-एसएमए जातीचा. दोघांचे आटे सारखे, म्हणून लग्न लागलं. आत भेट काही झाली नव्हती. गंमत म्हणजे टेबलावर, दीड मीटरवर, चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. ५.८ गिगाहर्ट्झ कुठल्याही फटीतून इतकं झिरपतं की टेबलावर पोचायला अँटेना लागतच नाही.

म्हणून ‘टेबलावर चालतं’ या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला. नवा जोड झाला की भाचा ड्रोन हातात घेऊन भाताच्या बांधावरून चालत सुटतो. पाती काढलेली, व्हीटीएक्स सगळ्यात कमी म्हणजे २५ मिलिवॅटवर. मी गॉगल लावून अंगणात. बांधाच्या टोकाला आंबा आहे, तिथपर्यंत चित्र टिकलं तर जोड पास. पावसाळ्यात इंद्रायणी भाताची रोपं कमरेला लागली की तीच चाचणी आंब्याच्या अलीकडेच बसते, कारण ओली पानं हे तरंग पिऊन टाकतात. आपलं डोकंही पितं. ड्रोनकडे पाठ करून उभं राहिलं की मुंग्या, वळलं की चित्र. वडील कौलांवर जो अँटेना फिरवायचे तो आता मीच झालोय.

पण सांगायची आहे ती गेल्या जानेवारीतली गोष्ट.

पवनेच्या बाजूला एका ओळखीच्यांचं रिकामं खाचर आहे, कापणीनंतरचं. उडवायला जागा निवडणं मावळात दिसतं तितकं सोपं नाही. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे, नौदलाच्या अभियंत्यांची १९४५ पासूनची शाळा. त्या बाजूला मी पेटीसुद्धा उघडत नाही. लोहगड-विसापूर पुरातत्त्व खात्याकडे, लोहगड तर २०२५ पासून जागतिक वारशात. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडर उतरत असतात, त्यांच्या हवेत शिरणं हा निव्वळ आचरटपणा. माझा ड्रोन बॅटरीसकट साडेसहाशे ग्रॅमचा. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत तो ‘मायक्रो’ ठरतो. हौसेखातर उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणी मात्र लागते, आणि निघण्यापूर्वी कुठे उडवता येतं ते दाखवणारा हिरवा-पिवळा-लाल नकाशा बघणं आलंच. तो बघून ठरलेलं हे खाचर.

सकाळी साडेसात. दवाने बूट ओले. बॅटरी जोडली, चित्र लख्ख. पलीकडे तुंग किल्ल्याचा सुळका सुईसारखा दिसतोय. ड्रोन आर्म केला, म्हणजे मोटारींचं कुलूप काढलं; मोटारी फिरल्या, गॉगल काळा. तीन सेकंदांनी चित्र आलं. मला वाटलं, पहिलीच बॅटरी, थंडी आहे, होतं असं. उचलला. वीस मीटरवर पुन्हा काळोख. मुंग्यासुद्धा नाहीत, सरळ काळोख.

अशा वेळी गॉगलवाल्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांचा माणूस का हवा ते कळतं. भाचा म्हणाला, "मामा, सरळ आहे, डावीकडे सरकतोय. आणा खाली. अजून. अजून. टेकला." उड्डाण आणि चित्र या दोन वेगळ्या वाटा आहेत, म्हणून ड्रोन वाचला. बहिरा नव्हता झाला, आंधळा झाला होता.

घरी आल्यावर मी अगदी ठरलेली चूक केली. निदान आधी, तपासणी नंतर. मोटारी सुरू झाल्या की चित्र जातं, म्हणजे मोटारींचा गोंगाट विजेच्या तारेतून चित्रात शिरतोय. बॅटरीच्या दोन टोकांवर ३५ व्होल्टचा, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. काही नाही. ग्राउंडच्या तारेचा डाग कच्चा वाटला, तो उचलून पुन्हा दिला. काही नाही. मग व्हीटीएक्सच बाद म्हणून नवा मागवला.

नवा येईपर्यंत चार दिवस हात रिकामे होते, तेव्हा डोकं चालू झालं. मोटारींचा गोंगाट चित्रात शिरला तर आडव्या रेघा दिसतात, आणि थ्रॉटल वाढवला की त्या दाट होतात. अँटेना बिघडला तर मुंग्या. कॅमेरा मेला तर पडदा काळा, पण बॅटरीचे आकडे त्यावर तरंगतच राहतात, कारण ते कॅमेऱ्यानंतर, वाटेत मिसळले जातात. मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. आकड्यांसकट सगळं गेलं, आणि तीन सेकंदांनी जसंच्या तसं परत आलं. हे आजारपण नाही, ही झोप आहे. व्हीटीएक्स बंद होऊन नव्याने सुरू होत होता.

मग आर्म केल्यावरच का? बीटाफ्लाइटमध्ये, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये, मीच एक सोय चालू करून ठेवली होती: जमिनीवर असेपर्यंत व्हीटीएक्स २५ मिलिवॅटवर ठेवायचा, म्हणजे तापत नाही, आणि आर्म केल्यावर ४०० वर न्यायचा. मोटारी आणि ४०० मिलिवॅट एकाच क्षणी सुरू होत होते आणि मी आळ घेतला मोटारींवर. ती सोय बंद केली, पाती काढून ठेवली, आर्म न करताच ४०० निवडलं. मोटारी स्तब्ध. गॉगल काळा.

मीटरची टोकं ५ व्होल्टच्या पॅडवर धरली. २५ मिलिवॅटवर ५.०२. भाच्याने बटण दाबून ४०० केलं, आकडा ४.३ वर आला, चित्र गेलं, आकडा पुन्हा चढला. परत गेलं, परत चढला. आम्ही दोघं पाच मिनिटं नुसते तो आकडा बघत बसलो होतो.

हवेत ४०० मिलिवॅट सोडायला ही पट्टी आत तीन-चार वॅट खाते, उरलेल्याची उष्णता होते. त्याच ५ व्होल्टच्या पंगतीत मी कॅमेरा, रिसीव्हर, जीपीएस आणि हौसेचे दिवे बसवले होते. नव्या व्हीटीएक्सच्या डब्यावर ७ ते २६ व्होल्ट असं स्वच्छ छापलेलं; जुन्याच्या मागची उष्णतेची पट्टी सोलली, तिथेही तेच. मी आयुष्यभर त्याला भुकेला ठेवून ‘याच्यात दम नाही’ म्हणत होतो. लाल तार ५ च्या पॅडवरून काढली आणि बॅटरीच्या टोकावर, कपॅसिटरच्या शेजारी, दिली. म्हणजे कपॅसिटर अगदीच फुकट गेला नाही.

आणि ४०० तरी कशाला हवे होते? ताकद चौपट केली तर अंतर फक्त दुप्पट होतं. २५ वरून ४०० म्हणजे सोळापट ताकद आणि चौपट पल्ला. नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असेल तर चांगला अँटेना आणि बसायला थोडी उंच जागा पुरते. हे मला माहीत होतं. यादीत मोठा आकडा दिसला की तोच निवडला जातो, दुसरं काय. तीच गोष्ट चॅनेलची. रेसबँड या आठ चॅनेलांच्या संचातले सातवे आणि आठवे, ५८८० आणि ५९१७ मेगाहर्ट्झ, आपल्याकडच्या परवानामुक्त पट्ट्याबाहेर पडतात, कारण तो ५८७५ ला संपतो. यादी ते दाखवते म्हणून निवडायचे नसतात. मी चौथ्यावर असतो, ५७६९.

पुढच्या रविवारी त्याच खाचरावर गेलो. २०० मिलिवॅट ठेवले होते. तुंगच्या बाजूने ऊन येत होतं, पवनेचं पाणी गॉगलमध्ये चांदीच्या पत्र्यासारखं दिसत होतं. भाचा सवयीने विचारत राहिला, "आलं का?" आणि मी प्रत्येक वेळी "आलं" म्हणत राहिलो.

जुना व्हीटीएक्स अजून त्याच ड्रोनवर आहे. नवा डब्यातून निघालेलाच नाही. मावळातल्या कोणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जावा. एकच अट, अँटेना लावल्याशिवाय बॅटरी जोडू नका.