बुडालेल्यांची खतावणी

चातुर्मास लागला की मंडणगडाच्या परिसरात दोन वाटा एकदम थांबतात. साधु-साध्वींचा विहार थांबतो, आणि बाणकोट, वेळासच्या किनाऱ्यावरील होड्या वर ओढून घेतल्या जातात. एका थांबण्यामागे जीवदया आहे, दुसऱ्यामागे सागराचे भय. नारळी पौर्णिमेपर्यंत सावित्रीच्या मुखाशी मोठी वर्दळ नसते, पावसाच्या झडीत गिऱ्हाईकही बेताचेच असते. सूर्यास्तापूर्वी चौविहार आटोपून, प्रतिक्रमण झाल्यावर व्यापारी घरांत जो निवांत काळ उरतो, तो कोठे वाचनात जातो, कोठे गप्पांत, आणि कोठे पटावर.

अशाच एका किराणा-भुसाराच्या घरी गेल्या काही पावसाळ्यांत एक निराळा पट मांडला जाऊ लागला. अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने तो पुण्याहून आणला. प्राचीन काळच्या आरमारी लढाया पुन्हा खेळून पाहण्याचा हा खेळ. जीएमटी या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने १९९९ साली काढलेला ‘वॉर गॅली’ हा या जातीच्या खेळांतील एक नावाजलेला नमुना. षट्कोनी घरे आखलेला समुद्राचा नकाशा, पुठ्ठ्याच्या लहान चौकोनी सोंगट्यांवर छापलेली वल्ह्यांची जहाजे, फासे आणि जाडजूड नियमपुस्तिका एवढाच त्याचा संसार. ग्रीक, इराणी, कार्थेजी किंवा रोमन आरमारे इतिहासात जशी उभी होती तशी मांडायची आणि मग आपल्या बुद्धीने लढवायची. शत्रूच्या जहाजाच्या कुशीत नाळेची धडक मारणे, वेगाने घासून जाऊन त्याची वल्ही मोडणे, दोरांनी जखडून त्यावर सैनिक उतरविणे, या सर्व गोष्टींना नियम आहेत. वल्हेकरी दमतात, त्यालाही नियम आहे.

घरातील आजोबांना खेळाची रचना आवडली. विषय आवडला नाही. फाशांबद्दल त्यांची हरकत नव्हती. द्यूत हे सप्तव्यसनांतील पहिले असले तरी पैसा लागत नाही तेथे जुगार नाही, हे त्यांना मान्य होते. त्यांचा प्रश्न दुसरा होता. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरमण येते. प्रयोजनाशिवाय घडणारे पाप टाळणे हा त्याचा आशय, आणि त्या पापात अपध्यान, म्हणजे दुसऱ्याच्या घाताचे चिंतन करीत बसणे, आवर्जून मोजले आहे. शेती, व्यापार, प्रपंच यांत जी हिंसा घडते तिला निदान पोटाचे कारण असते. करमणुकीसाठी जहाजे बुडविण्याला कोणते कारण सांगावे?

“आजोबा, ही पुठ्ठ्याची सोंगटी आहे. हिच्यात जीव कुठे आहे?” नातू म्हणाला.

उत्तर आतून आजीने दिले. “यशोधर राजाचा कोंबडाही पिठाचाच होता.”

जैन घरांत ही कथा सांगावी लागत नाही. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी पशुबळी द्यावा असा मातेचा आग्रह, राजाचा नकार, अखेर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देण्याची तडजोड, आणि त्या एका कृत्यापायी मातापुत्रांनी भोगलेले पशुयोनीतील जन्मामागून जन्म. हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहा’त ती आहे, आणि सोमदेवसूरींनी शके ८८१, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये तिच्यावर ‘यशस्तिलकचंपू’ रचले. त्या कोंबड्याला वेदना झाल्या नाहीत. तरीही कर्म बांधले गेले, कारण हात उचलताना मनात वध होता. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतील भेद समजावून देणारे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. आजीचा आक्षेप म्हणून नेमका होता, आणि तो खोडून काढणे नातवाला जमले नाही.

तथापि परंपरेत दुसरी बाजूही आहे. पश्चिम भारतातील जैन घरांत आणि उपाश्रयांत ज्ञानबाजीचे पट होते. पुष्कळदा चौऱ्याऐंशी घरांचे असलेले हे पट पर्युषणात खेळले जात. सापाच्या तोंडी पडले की दुर्गती, शिडी मिळाली की सद्गती, आणि वर सिद्धशिला. पट हा मन बिघडविणाराच असतो असे पूर्वजांनी मानले नव्हते.

याहून मोठा दाखला भरत-बाहुबलींचा आहे. दोन भावांची सैन्ये समोरासमोर उभी राहिली तेव्हा सैनिकांनी एकमेकांना का मारावे, हा प्रश्न पुढे आला. आदिपुराणाच्या कथेत मंत्र्यांनी दोघा भावांतच निकाल लावावा असे सुचविले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशा तीन कसोट्या ठरल्या. श्वेतांबर परंपरेत त्या पाच आहेत आणि सुचविणारे देव आहेत. कसोट्यांना नियम होते, हारजीत होती, साक्षीदार होते. मरणारे सैन्य तेवढे नव्हते. रणांगण खेळाच्या मर्यादेत आणून जीव वाचविण्याची कल्पना जैन कथेला परकी नाही.

या दोन दाखल्यांमध्ये आजोबांनी व्यापाऱ्याला शोभेलशी वाट काढली. खेळायला दोन माणसे लागतात, म्हणून ते पटाच्या दुसऱ्या बाजूला बसले. मात्र एका अटीवर. दुकानात रोजमेळ आणि खतावणी असते तशी पटाशेजारी एक वही राहील. जी सोंगटी पटावरून उचलली जाईल तिच्या नावे किती माणसे पडली, हे त्याच वेळी लिहायचे. लिहिल्याशिवाय पुढचा फासा टाकायचा नाही.

प्रथम ही अट नातवाला खेळाचा रस घालविणारी वाटली. पण आकडे लिहायचे तर ते शोधावे लागतात. ग्रीकांच्या तिहेरी वल्ह्यांच्या जहाजावर, ट्रायरीमवर, १७० वल्हेकरी असत. वरच्या रांगेत ६२, मधल्या रांगेत ५४ आणि अगदी खाली, पाण्याच्या पातळीलगत, आणखी ५४. नाखवा, सुकाणूवाला, सैनिक धरून एका जहाजावर सुमारे २०० माणसे होत. तळच्या रांगेतील वल्हेकऱ्याला बाहेरचे काही दिसत नसे. धडक बसली की समुद्र आत येई, तेव्हाच लढाईचे काय झाले ते त्याला कळे. मंडणगडासारख्या बाजारगावी दोनशे माणसे म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसतील एवढी माणसे नखाएवढ्या चौकोनात मावली होती.

वहीचा खरा अर्थ आर्गिनुसायच्या लढाईत उघड झाला. इ. स. पूर्व ४०६ मध्ये आशिया मायनरच्या किनाऱ्याजवळील या लहान बेटांपाशी अथेन्सच्या सुमारे १५० जहाजांनी स्पार्टाच्या १२० जहाजांशी गाठ घातली. नातवाने मोजणीच्या सोयीसाठी पाच जहाजांची एक सोंगटी धरली आणि एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला चोवीस सोंगट्या मांडल्या. आजोबांच्या वाट्याला अथेन्स आले. अथेन्सने नवे, अर्धवट शिकलेले वल्हेकरी भरले होते, गुलामांनाही स्वातंत्र्याचे वचन देऊन वल्ह्यांवर बसविले होते. म्हणून त्यांच्या सेनापतींनी शत्रूला फळी फोडून आत घुसता येऊ नये अशी दुहेरी रांग धरली होती. आजोबांनीही तीच धरली. पट इतिहासाच्या बराच जवळून चालला आणि नियमपुस्तिकेच्या गुणांप्रमाणे अथेन्स जिंकले.

प्रत्यक्षातही अथेन्सच जिंकले होते. स्पार्टाची सत्तरच्या आसपास जहाजे गेली, त्यांचा सेनापती कॅलिक्रॅटिडस समुद्रात पडून बुडाला. अथेन्सची गेली पंचवीस. वहीत पंचवीस जहाजांसमोर पाच हजारांचा आकडा पडला. लाकडी जहाज फुटले तरी लगेच तळाशी जात नाही. पाण्याने भरलेल्या सांगाड्याला धरून माणसे तरंगत राहतात. तेव्हा यांतील किती वाचले, असे आजोबांनी विचारले, आणि नातू झेनोफनचा इतिहास उघडून बसला.

उत्तर दारुण होते. विजयानंतर सेनापतींनी ४७ जहाजे बुडणाऱ्यांना उचलण्यासाठी नेमली. पण वादळ उठले आणि ती निघू शकली नाहीत. पंचवीस जहाजांवरील थोडीच माणसे किनाऱ्याला लागली. वार्ता अथेन्सला पोहोचली तेव्हा नगराने आपल्याच विजयी सेनापतींकडे बुडालेल्यांचा जाब मागितला. आठ सेनापतींपैकी सहा परत आले होते. त्या सहांना एकाच ठरावाने देहांताची शिक्षा झाली. प्रत्येकाचा न्याय स्वतंत्र व्हावा असा कायदा असताना तो मोडला गेला, आणि त्या दिवशी सभेच्या कारभारात असलेल्या सॉक्रेटिसाने एकट्याने विरोध केला, तो व्यर्थ गेला. पुढे नगराला पश्चात्ताप झाला. पण पुढच्याच वर्षी ईगोस्पोटामी येथे त्याचे जवळजवळ सर्व आरमार स्पार्टाच्या हाती पडले.

पटावरचा खेळ विजयापाशी संपतो. वादळ त्यानंतर येते. खेळाचे गुण मोजून पेटी बंद केली असती तर पाण्यात तरंगणारी ती माणसे नजरेसच पडली नसती. वही होती म्हणून पडली. अथेन्सच्या सभेने हिशेब मागितला हे योग्यच झाले. रागाच्या भरात तो चुकीच्या नावावर टाकला, आणि चुकीची नोंद वहीत जितका घोटाळा करते त्याहून मोठा घोटाळा झाला.

परक्या समुद्रावरील हा हिशेब पाहताना आपल्या समुद्राकडे लक्ष जाणे साहजिक होते. कोकणच्या प्राचीन आरमारी मोहिमेची एक ठसठशीत नोंद एका जैन कवीने केलेली आहे. ऐहोळे येथील मेगुती टेकडीवरील जिनालयात रविकीर्तीने शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४ मध्ये चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरविली. कोकणातील मौर्यांचा पाडाव आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणविणाऱ्या पुरी नगरीला शेकडो नौकांनी घातलेला वेढा तीत आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी की दंडाराजपुरी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. राजपुरीची खाडी धरली तर ती बाणकोटच्या उत्तरेस, फारशी दूर नाही. रविकीर्तीला नौका मदोन्मत्त हत्तींसारख्या दिसल्या, मेघांनी भरलेले आकाश आणि समुद्र एकमेकांसारखे दिसले. वर्णन सुंदर आहे. त्या नौकांतील वा नगरीतील किती माणसे मेली, याचा आकडा मात्र त्यात नाही. प्रशस्तीत तो नसतो. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगांसह झुंजणारी जहाजे कोरली आहेत, त्यांतही वीर स्वर्गात पोहोचताना दाखविले आहेत.

आकडा आगमात आहे. भगवतीसूत्रात कोणिक आणि चेटक यांच्या महाशिलाकंटक आणि रथमूसल या संग्रामांविषयी गौतमस्वामी विचारतात, आणि भगवान महावीर मृतांची संख्या सांगतात. पहिल्यात चौऱ्याऐंशी लाख, दुसऱ्यात शहाण्णव लाख. रणात पडलेला स्वर्गास जातो हा लोकप्रवाद खरा काय, असे विचारल्यावर भगवंत तो नाकारतात. त्यांतील बहुतेकांची गती नरक आणि तिर्यंच योनीची सांगितली आहे. तेथेच वरुण नावाच्या श्रावकाची कथा येते. राजाज्ञेने रथावर चढावे लागलेल्या या व्रतस्थाने, प्रथम जो आपल्यावर प्रहार करील त्याच्यावरच प्रहार करीन, असा नियम घेतला होता. प्राणांतिक घाव लागल्यावर त्याने प्रतिकार केला, मग रथ बाजूला नेऊन, शस्त्र टाकून, समाधीने देह ठेवला. त्याला लाभलेली सद्गती त्या समाधीची होती; लोकांनी ती रणाची समजली.

ही कथा त्या घरी निष्कारण वाचली गेली नव्हती. नातवाच्या मनात नौदलाच्या अधिकारी-भरतीची परीक्षा द्यायचे होते, आणि एव्हाना ते घरात सर्वांना कळले होते. पट हे निमित्त होते. खरी बोलणी त्याच्या आडून चालली होती. विरोधी हिंसा, म्हणजे आक्रमणापासून रक्षण करताना घडणारी हिंसा, गृहस्थाला संकल्पी हिंसेसारखी सर्वथा वर्ज्य सांगितलेली नाही. आजोबांना हे ठाऊक होते. पण शास्त्राची मुभा आणि नातवाचा हात यांत अंतर असते, हेही ठाऊक होते.

पर्युषणाच्या आधी ते एवढेच म्हणाले, “परीक्षा दे. जिथे जाशील तिथे वही मात्र ठेव. समोरच्याची माणसेही तीत लिही.”

आजीचे मत बदलले नाही. पिठाचा असो वा पुठ्ठ्याचा, मारण्याची सवय हाताला लावू नये, असेच ती अजून म्हणते. तिचे म्हणणे चूक ठरविण्याची कोणाला गरज वाटली नाही. उलट पट मांडताना ते कानावर असलेले बरे, असेच त्या घरात मानले जाते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने नफ्याची वही खर्चाच्या बाजूवाचून खोटी असते. इतिहासातील विजयांच्या वह्या बहुधा एकाच बाजूच्या असतात: जहाजे किती, लूट किती, राजाचे नाव काय. तळच्या रांगेत वल्ही ओढणारा, ज्याला शत्रू दिसलाही नाही, त्याचे नाव कोणत्याच पानावर नसते. त्याच्यापुरती एक ओळ लिहिणारा खेळाडू पटावर बसून अनर्थदंड करतो की स्वाध्याय, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे. संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागायची असते. त्या सर्वांत कोणकोण येतात हे मोजून पाहिलेल्या माणसाच्या तोंडी ‘मिच्छामि दुक्कडं’ हे शब्द थोडे सावकाश उमटतात.