जांभ्याच्या सड्यावर सायकल

मध्यम अनुभवाच्या माउंटन बाइक स्वारासाठीची वाट आंतरराष्ट्रीय श्रेणीत निळ्या चौकोनाने दाखवतात: सरासरी चढ 10 टक्क्यांपर्यंत, न टाळता येणारे अडथळे साधारण 20 सेंटिमीटरपर्यंत. रत्नागिरीलगतच्या मिरजोळ्यासारख्या जांभ्याच्या मुलखात मात्र चढाआधी ऋतू पाहावा. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढ बेताचाच. पण उन्हाळ्यात कातळ तापतो, खडबडीतपणाने मनगटे भरून येतात आणि पावसात तोच कातळ शेवाळून निसरडा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी उत्तम. सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या पाखाड्या मोह पाडतात. त्या पायऱ्या मध्यम स्वारासाठी नव्हेत, आणि वाट तशीही पायी जाणाऱ्यांचीच. चिरेखाणीची कडा अचानक समोर येते, म्हणून अनोळखी सडा आधी चालून पाहावा. सड्यावर कुठे कातळशिल्पे असली, तर त्यांवरून सायकल कधीही नेऊ नये.