एका बोटाची घाई

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण संगणकावर प्रोग्रॅम लिहितात? हात वर करा पाहू! आणि जे लिहीत नाहीत त्यांनीही कान टवकारून ऐका. कारण ही फजितीची गोष्ट आहे, आणि फजिती दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आहे.

मी प्रोग्रॅम लिहिण्याचंच काम करतो. ज्या वहीत आम्ही प्रोग्रॅम लिहितो तिला म्हणतात कोड एडिटर. मी वापरतो तो व्हीएस कोड, २०१५ साली आलेला. ही वही मोठी जादूची! एखादी ओळ वर न्यायची आहे? ऑल्टचं बटण दाबून धरा आणि वरच्या बाणाचं बटण दाबा. ओळ टुणकन् वर! कंट्रोल आणि पी दाबा, फाइलच्या नावाची दोन अक्षरं लिहा, की शेकडो फाइलींतून हवी ती समोर हजर. अशा युक्त्यांना शॉर्टकट म्हणतात. मला ते पन्नासेक तरी पाठ आहेत, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या!

मागे मी साताऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. माझी भाची आठवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने जावास्क्रिप्टमध्ये प्रश्नमंजूषा तयार केली होती. वीस प्रश्न इंग्रजीतून, आणि कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. तीन आठवडे खपून सगळं तिचं तिने केलेलं.

आदल्या रात्री तिची आई सहज म्हणाली, "अगं, हे घड्याळासाठी तू 'मिन' लिहिलंयस, ते मिनिट की मिनिमम? वाचणाऱ्याला कसं कळणार?"

बरोबरच होतं. भाची एकेक जागा शोधून 'मिन'चं 'मिनिट' करायला लागली. पण मला कुठला दम निघायला! "सरक बघू," म्हणत मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. कंट्रोल आणि एच. शोध 'मिन', लिही 'मिनिट', सगळीकडे बदल. खट्! एका क्षणात काम फत्ते. घड्याळ चालवून पाहिलं, झकास चाललं. भाचीचे डोळे विस्फारले. मी कॉलर ताठ केली आणि झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत ही गर्दी! पाहुण्या बाईंनी पहिला प्रश्न उघडला आणि मोठ्याने वाचला, "लिंबामध्ये कोणतं व्हिटॅमिनिट असतं?"

पोरं खो-खो हसली. पुढच्या प्रश्नात मुंबईचं टर्मिनस 'टर्मिनिटस' झालेलं. त्याच्या पुढे ॲल्युमिनियमचीही तीच गत! झालं होतं काय, तर मी संगणकाला सांगितलं होतं 'मिन' दिसेल तिथे बदल. त्याने बिचाऱ्याने शब्दांच्या पोटातले 'मिन'सुद्धा शोधून काढले. त्याने हुकूम तंतोतंत पाळला. चूक हुकूम देणाऱ्याची.

कंट्रोल आणि झेड दाबलं की केलेलं काम मागे घेता येतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. रात्रीच पाहिलं असतं तर त्या एका बटणात सगळं निस्तरलं असतं. पण आता फाइल पेनड्राइव्हवरून शाळेच्या संगणकावर आली होती. रात्री काय बदललं याची आठवण त्या संगणकाला कुठून असणार?

घरी जाताना भाची गप्प. रागावली असती तर बरं वाटलं असतं. गेटपाशी ती एवढंच म्हणाली, "मामा, तू मला शिकवत होतास, की माझं काम करून टाकत होतास?"

काय उत्तर देणार? मी तिची माफी मागितली.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा बसलो. या वेळी कीबोर्ड तिच्याकडे आणि मी हात मागे बांधून. प्रश्नांमधले बिघडलेले शब्द तिने एकेक करून दुरुस्त केले. मग मी तिला दाखवलं, की शोधताना 'पूर्ण शब्द' हा पर्याय निवडला की शब्दाच्या पोटातलं 'मिन' सुटतं. कंट्रोल आणि डी दाबलं की एका वेळी एकच पुढची जागा उजळते, म्हणजे डोळ्यांनी बघत बघत जाता येतं. आणि सगळ्यांत शहाणं बटण एफ-टू! ते अक्षरं जुळवत बसत नाही. प्रोग्रॅममध्ये ज्या गोष्टीला आपण ते नाव दिलंय, तिचंच नाव बदलतं. लिंबाच्या व्हिटॅमिनला हातही लावत नाही!

तुम्ही रोज वापरता त्या कट-पेस्टची गोष्ट ठाऊक आहे का? १९७०च्या दशकात अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा एडिटर बनवला. तो होता पुस्तकं प्रकाशित करणाऱ्यांसाठी. ती माणसं तेव्हा मजकूर कात्रीने कापून दुसरीकडे चिकटवत. या दोघांनी ते काम आधी नीट पाहिलं, आणि मग तीच कात्री नि तोच डिंक पडद्यावर आणला. बघा, जगातला इतका लाडका शॉर्टकट, पण तो करणाऱ्यांनी बघण्यात मात्र शॉर्टकट घेतला नाही!

परत येताना घाटातली ती ओळखीची पाटी दिसली: 'अति घाई, संकटात नेई'. मला वाटलं, माझ्यासाठीच लावलीय!

तेव्हा दोस्तांनो, शॉर्टकट जरूर शिका. रोज एकच शिका, पण बोटांत मुरवा. तो हातांचे कष्ट वाचवतो, डोळ्यांचे नाही. 'सगळीकडे बदल' म्हणण्याआधी सगळीकडे एकदा पाहून घ्या.

आणि आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. पोर चुकतमाकत, हळूहळू काही करत असेल, तर कीबोर्ड ओढून घेऊ नका. तो शॉर्टकट सगळ्यांत महाग पडतो. मला विचारा!