वाट चुकलेली वेलांटी

प्रिंटरमधून पान बाहेर आलं तेव्हा त्यावर सगळे प्रश्न होते आणि एकही उत्तर नव्हतं.

‘दावेदाराचे नाव’ पुढे कोरी रेघ. ‘गाव’ पुढे कोरी रेघ. ‘कुटुंबातील इतर व्यक्ती व वय’ या रकान्यात नुसत्या चौकटी. मी मामेभावाला फोन लावला.

“अरे, तू फॉर्म भरला होता ना?”

“भरला न ताई. रात्री बारापर्यंत बसलो. मले तं सगळं दिसून रायलं.”

त्याने लगेच स्क्रीनशॉट पाठवला. खरंच, सगळं होतं. आजीचं नाव, गेलेल्या आजोबांचं नाव, गाव, ग्रामपंचायत, तालुका धानोरा. तीच फाइल माझ्या कॉम्प्युटरवर कोरी होती. रकान्यावर माउसने क्लिक केलं की आतलं नाव उगवायचं, दुसरीकडे क्लिक केलं की मावळायचं. काकाने मागून पाहिलं आणि म्हणाला, “भूत आहे का ह्याच्यात?”

मूलला माझ्या काकाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. कॉलेज संपल्यापासून मी तिथे बसते. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणारा रस्ता मूलवरूनच जातो. पुढे सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल, आणि पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा. माझ्या आईचं माहेर पलीकडचं. ही आजी म्हणजे आईची मावशी. तिच्या गावात प्रिंटर नाही, म्हणून कागद पुलावरून माझ्याकडे येतात. काही वेळा एसटीने, आता बहुतेक वेळा व्हॉट्सॲपने.

हा कागद वनहक्काचा होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलातली जमीन कसत असेल, तर ४ हेक्टरपर्यंतच्या जमिनीवर त्याचा हक्क मान्य होऊ शकतो. आजीची जमीन अडीच एकर. धानाच्या चार बांध्या, वर एक छोटी बोडी, बांधावर मोहाची दोन झाडं. तिच्या सासरची तिसरी पिढी ती कसते. पण सातबारा नाही. एकदा दावा केला होता, तो कागदांसकट परत आला होता. शेरा एका ओळीचा होता: नावात तफावत.

तफावत म्हणजे काय, तर आधार कार्डावर नाव एक, दाव्यात जरा वेगळं. कुणीतरी इंग्रजीत टाइप केलं होतं आणि यंत्राने त्याचं मराठी करून टाकलं होतं. इंग्रजीत ‘ळ’ नाही. म्हणून आमच्याकडच्या कितीतरी कुळमेथ्यांचे कागदावर कुलमेथे होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्याला सातबारा आहे, पासपोर्ट आहे, त्याच्यासाठी ही चूक म्हणजे एक हेलपाटा. आजीसाठी तिची किंमत एक अख्खं वर्ष होती. म्हणून या खेपेला प्रत्येक अक्षर मी स्वतः बघणार होते.

आणि पहिल्याच पानाला अक्षरंच नव्हती.

भुताचा शोध घ्यायला मला दोन दिवस लागले. जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल, कारण असा फॉर्म तुम्ही कधी ना कधी भरणार आहात. भरता येण्याजोग्या पीडीएफमध्ये प्रत्येक रकान्याच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या साठवलेल्या असतात. एक, तुम्ही काय लिहिलं. दुसरी, ते कागदावर कसं दिसणार, म्हणजे त्या लिहिलेल्याचं चित्र. चांगलं सॉफ्टवेअर दोन्ही जपतं. काही ॲप फक्त लिहिलेलं साठवतात आणि चित्र काढायचं काम पुढच्यावर सोडतात. पुढचा प्रोग्राम म्हणतो, चित्र नाही, म्हणजे दाखवायला काही नाही. मग तो कोरी चौकट छापतो. क्लिक केल्यावर नाव दिसायचं ते यासाठी, की लिहिलेलं आत होतंच. ते कुणी काढून दाखवत नव्हतं, एवढंच.

हे समजल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण मी आजीचाच विचार करत बसले. जमीन आहे, कसणारी आहे, धान दरवर्षी पिकतं. ते कागदावर दिसत नाही, एवढंच.

मी दुसऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली आणि त्याला सांगितलं, सगळी चित्रं नव्याने काढ. त्याने काढली. या वेळी रकाने भरलेले आले. पण जिल्ह्याच्या पुढे लिहिलं होतं: गडचरिोली.

हा शब्द तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. एखाद्या बोर्डावर, बॅनरवर किंवा निमंत्रणपत्रिकेत. आमच्या जिल्ह्याचं नावच असं आहे की देवनागरी न कळणारं सॉफ्टवेअर तिथे हमखास अडखळतं. ‘चि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि ‘च’ नंतर. बोलताना मात्र ‘च’ आधी आणि ‘इ’ नंतर. कॉम्प्युटर बोलण्याचा क्रम साठवतो: च, मग पहिली वेलांटी. दाखवताना तिला उचलून ‘च’च्या डावीकडे ठेवायचं काम सॉफ्टवेअरचं. ज्याला हे शिकवलेलं नाही, ते वेलांटी जिथल्या तिथे ठेवतं आणि तिची कमान पुढच्या ‘र’वर जाऊन पडते. इंग्रजीत एकामागे एक अक्षर ठेवलं की काम झालं. आपल्या लिपीत अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर, पायाशी आणि पोटात बसतात.

तिसरा प्रोग्राम. यात वेलांट्या शहाण्यासारख्या जागेवर होत्या. पण त्याच फाइलच्या शेवटच्या पानावर एक कथन जोडलेलं होतं, आणि तिथे मी परत थांबले.

या कायद्याच्या नियमांमधला मला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे. पुरावा म्हणून दावेदाराशिवाय दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं कथन चालतं, फक्त ते लेखी घ्यायचं. ज्यांच्याकडे कागद नव्हते, त्यांच्यासाठी कायद्याने आठवणीला पुरावा मानलं. आजीच्या बाजूने गावचे भूमिया बोलले होते. वय ऐंशीच्या पुढे. मामेभावाने त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. ते गोंडीत बोलले. माझी गोंडी अर्धीमुर्धी, म्हणून आईने भाकरी थापता थापता ऐकलं आणि मराठीत सांगितलं, मी टाइप केलं. त्यातलं मुख्य वाक्य होतं: ‘या बांध्या हिच्या सासऱ्याने काढल्या.’

तिसऱ्या प्रोग्राममध्ये ते झालं: ‘सासर्याने’.

‘ऱ्या’ आणि ‘र्या’ यांत काय फरक, असं कुणाला वाटेल. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा आणि दर्या म्हणजे समुद्र, एवढा फरक. हा आडवा ‘ऱ’ मराठीत पावलोपावली लागतो: शेतकऱ्याला, म्हाताऱ्यांना, वडीलधाऱ्यांचं. युनिकोडमध्ये तो दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साध्या ‘र’नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण एखाद्या सॉफ्टवेअरने ते न दिसणारं चिन्ह फालतू समजून गाळलं की ‘र’ उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. माझ्या फोनचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीने लिहीत होता. मला ते तोवर माहीत नव्हतं.

काका म्हणाला, जुन्या फॉन्टमध्ये टाइप कर, कटकट नाही. काका कृतिदेवच्या काळातला. त्या फॉन्टची युक्ती अशी की आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांना देवनागरीचे मुखवटे घातलेले. तुम्ही जे, के, ई दाबायचं आणि स्क्रीनवर ‘राम’ दिसायचं. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, तिथे मुखवटा गळतो आणि रामाच्या जागी नुसतं जेकेई उरतं. एका बाजूला लिहिलेलं बरोबर पण दिसणं चूक, दुसऱ्या बाजूला दिसणं बरोबर पण लिहिलेलं भलतंच. मी काकाला नाही म्हटलं.

रकान्यांचा हिशोब वेगळाच. एका फॉर्ममध्ये नावासाठी अक्षरांची मर्यादा होती. ‘ग्रामसभा’ या शब्दात आपण चार अक्षरं मोजतो. कॉम्प्युटर मोजतो आठ: ग, हलन्त, र, काना, म, स, भ, काना. आजीचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहीत गेलं की आडनावाच्या मध्येच रकाना संपायचा. तेच नाव इंग्रजीतही मोठंच, पण मर्यादा इंग्रजी नावं डोळ्यांपुढे ठेवून घातलेली असावी.

रात्री घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “नावं कधी एक होती? तुझे आजोबा चांदाच म्हणायचे.”

खरं होतं. आजीकडे दंडाची एक जुनी पावती आहे. जंगलात शेती केली म्हणून सासरच्यांना झालेला दंड. तेव्हा तो गुन्हा होता, आज तीच पावती जमीन कसत असल्याचा पुरावा म्हणून जोडायची. तिच्यावर जिल्हा चांदा लिहिलाय. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. चार बांध्या जागच्या हलल्या नाहीत, त्यांनी तीन जिल्हे पाहिले.

फॉर्म म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असं कुणी म्हटलं की मला मेंढा-लेखा आठवतं. धानोरा तालुक्यातलंच गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. हक्क आणि बांबू यांच्यामध्ये जवळजवळ दीड वर्ष एक छापील पुस्तक उभं होतं.

शेवटी मी तेच केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कोरा फॉर्म छापला आणि निळ्या पेनने, आधार कार्ड शेजारी ठेवून, एकेक अक्षर बघत हाताने भरला. कथनही हाताने लिहिलं. ‘सासऱ्याने’ मधला आडवा ‘ऱ’ असा ठसठशीत काढला की तो कुणी गाळूच शकणार नाही. मग एसटी धरली आणि पूल ओलांडला.

दावा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. निम्मी माणसं हजर हवीत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियम आहे. त्या दिवशी बाया जास्तच होत्या. वनहक्क समितीच्या सचिवाने फॉर्म मोठ्याने वाचला, आणि मधे मधे गोंडीत सांगत गेला. नाव बरोबर. गाव बरोबर. चतुःसीमा बरोबर. मग कथन.

“या बांध्या हिच्या सासऱ्याने काढल्या.”

भूमिया खाली बघत होते. ते काही बोलले नाहीत. आजी मात्र मागून उठली.

“सासऱ्यानं नाही. सासूनं. तो तं कवाचा मेला होता.”

थोडी गडबड झाली. भूमियांना परत विचारलं. हो, सासूने. ते रेकॉर्डिंगमध्येही तसंच बोलले होते, ते त्यांनी ठामपणे सांगितलं. मी तिथेच फोन काढून ऐकलं. आजूबाजूला चुलीवरच्या भाकरीचा आवाज नव्हता, आईची घाई नव्हती. शब्द स्वच्छ ऐकू आला. तो मलाही कळणारा होता. आईने घाईत चुकीचा सांगितला की मी ऐकण्याआधीच सासरा धरून चालले, ते मी अजून आईला विचारलेलं नाही. मला वाटतं, मीच. बांध्या काढणारा पुरुषच असणार, हा रकाना माझ्या डोक्यात आधीच भरलेला होता.

तीन दिवस मी त्या एका ‘ऱ’साठी भांडले होते. तीन प्रोग्राम बदलले होते. आणि शब्दच चूक होता.

सचिवाने पेन माझ्याकडे दिलं. मी ‘सासऱ्याने’ वर एक रेघ मारली, वर ‘सासूने’ लिहिलं. शेजारी भूमियांनी अंगठा उठवला. सासूने. यात वेलांटी नाही, रफार नाही, जोडाक्षर नाही. कुठल्याही फोनवर नीट दिसला असता.

परतीच्या बसमध्ये आजी माझ्यासोबत धानोऱ्यापर्यंत आली. मी तिला विचारलं, सासू कशी होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “कुदळ तिची अजून आहे घरी. दांडा बदलला फक्त.”

दाव्याची पोच मिळाली आहे. पुढचं अजून काही कळलेलं नाही. आता दुकानात कुणी फॉर्म भरायला आलं की मी प्रिंट काढण्याआधी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. मागे रांग लागते, काका वैतागतो. तरी वाचते.