गोचीड, एचएफ गाय आणि देवमासा

फ्लेमिंगो बघायला भिगवणला सगळेच जातात. पण शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात कुणी फिरायला गेलंय? आपल्यासाठी शिरूर म्हणजे नगर रोडवरचा चहा आणि दौंड म्हणजे ‘गाडी एवढा वेळ का थांबलीय?’ मी मात्र एक अख्खा रविवार तिथे घालवला, तोही गोचिडांसाठी. नाक मुरडू नका, वाचा तर खरं!

डोक्यात हा किडा सोडला तो देवमाशांनी. राइट व्हेल या देवमाशाच्या डोक्यावर हजारो उवा असतात. नाव ऊ, पण जात झिंग्या-खेकड्यांची. गंमत म्हणजे या उवांना पोहता येत नाही. भर समुद्रात पकड सुटली की खेळ खल्लास. एका व्हेलवरून दुसऱ्यावर जायचं तर अंगाला अंग लागायला हवं, त्यामुळे आईकडची ऊ पिल्लाकडे येते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या उवांचे जीन्स तपासून व्हेलचंच घराणं शोधून काढलं. राइट व्हेलच्या तीन जाती ५०-६० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, हे उवांनी सांगितलं. इतका जुना संसार, त्यामुळे ऊ व्हेलच्या जिवावर उठत नाही.

आपल्याकडे समुद्र नाही, पण गोठे आहेत. शिरूरहून न्हावरे, तिथून पुढे भीमा ओलांडून चौफुला. हो, तेच लावणीच्या थिएटरांचं चौफुला. रस्ताभर ऊस, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि घरटी एक तरी काळी-पांढरी एचएफ गाय.

न्हावऱ्याच्या पुढे एका गोठ्यात थांबले. आजींनी आधी चहा दिला, मग गाईचा कान उलटा करून म्हणाल्या, ‘ह्यो बघ, पोरी.’ रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीड, अगदी एरंडाची बी! (एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिनमध्ये गोचिडालाही हाच शब्द. तिकडच्या लोकांनाही हेच दिसलं म्हणायचं.)

व्हेलच्या उवेसारखा गोचीड एका जागी जन्म काढत नाही. पोट भरलं की मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून नुसती गाय धुऊन भागत नाही. आजींचा मुलगा फ्लेमगननं गोठ्याच्या फटी जाळतो. भिंती सगळ्या काळ्याकुट्ट.

एवढा आटापिटा कशासाठी, तर गोचिडाच्या लाळेत थायलेरिया नावाचा जंतू असतो. तो गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला कॅन्सरच्या पेशीसारखी वाढायला लावतो. दर वेळी पेशीची वाटणी झाली की जंतूचीही होते. मग खांद्यापुढची गाठ सुजते, ताप १०५-१०६ फॅरनहाइटवर जातो आणि दूध आटतं. गावात याला ‘गोचीड ताप’ म्हणतात. खिल्लारला हा जंतू नवा नाही, ती बहुतेकदा निभावून नेते. एचएफचं रक्त मात्र युरोपातलं. तिची आणि या जंतूची ओळखच अलीकडची, म्हणून ती पटकन दगावते.

आजींची आधीची गाय अशीच गेली. ज्येष्ठात, दोन दिवसांत, पहिलटकरीण. कर्जावर घेतलेली. ‘गाय गेली, हप्ता नाय गेला,’ त्या म्हणाल्या आणि उठून कालवड बघायला गेल्या. मी गप्प बसले.

या तापावर बुपार्व्हाक्वोन नावाचं औषध आहे, पण ते वेळेवर मिळायला हवं. वासरांसाठी लस आपल्या देशातच बनते. शिवाय गोचीड चिकटल्यावर जंतू लाळेत तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे रोज हात फिरवून गोचीड काढले, तर बरंच टळतं. हे आजींना कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. धार काढायच्या आधी कान, कास, शेपटीची खाच... त्यांची बोटं न बघता फिरतात.

निघताना मी त्यांना देवमाशाच्या उवांची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, ‘आन् त्येच्या कानात कोण बघतं मग?’

जायचं असेल, तर पुण्याहून शिरूरला एसटी आहेत, आणि परतायला दौंडहून रेल्वे. गोठ्यात विचारून जा, हातावर ठेवतील तो पेढा खा. घरी आल्यावर मोजे मात्र बाहेरच झटका.